मुंबईच्या गच्चीवर ब्लूबेरी: आंबट माती, गोडं पाणी आणि पावसाळ्याचा बंदोबस्त

ब्लूबेरीचं माझं पहिलं झाड जुलैत गेलं आणि दुसरं मे महिन्यात. बोरिवली पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी तेव्हा आठ-दहा वर्षं बाग करत होते. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, कुंडीतली वांगी-मिरच्या, सगळं नीट चाललेलं. म्हणून दोन्ही वेळा मी मनाशी म्हटलं, हे थंड देशातलं झाड, मुंबईच्या उकाड्यात टिकणार कसं? दुसरं झाड कुंडीतून उपटून मी रत्नागिरीच्या मामांना दाखवलं. त्यांचं आयुष्य आंब्याची कलमं बांधण्यात गेलं. त्यांनी आधी मुळं पाहिली, मग माती बोटांत चोळली आणि विचारलं, "यात काय काय घालतेस गं?" शेणखत, गांडूळखत, अंड्याची टरफलं, थोडी राख, मी यादी सांगितली. "टरफल म्हणजे चुनाच की! आणि राख म्हणजे क्षार. आंबट मातीचं झाड ना हे? वर्षभर तू त्याला चुना चारलास."

तिथून मी शून्यापासून सुरुवात केली. आज गच्चीवर तीन झाडं आहेत आणि गेल्या हंगामात तिन्हींची मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर फळं निघाली. आकडा लहान आहे, पण तो आधीच सांगितलेला बरा, कारण मुंबईत ब्लूबेरी लावून टोपल्या भरणार नाहीत. उन्हाचा त्रास या झाडाला होतो, पण मुंबईत ते जातं ते मुळांपायी: पावसाळ्यात मुळं बुडतात आणि एरवी माती-पाण्यातला चुना त्यांना उपाशी ठेवतो. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

झाडाचा स्वभाव

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतली, दलदलीच्या कडेला आणि पाइनच्या जंगलात रेताड, कुजलेल्या पानांच्या आंबट जमिनीत वाढणारी. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तिकडेही लोक जंगलातूनच फळं वेचून आणायचे. शेतात लावलेली झाडं मरायची आणि का मरतात ते कळत नसे. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली प्रयोग मांडून दाखवलं की या झाडाला आम्लधर्मी जमीनच लागते. मग न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत त्याने जंगली झाडांतून निवड केली आणि १९१६ मध्ये लागवडीची पहिली फळं बाजारात आली. आपण 'चांगली माती' म्हणून जे काही करतो ते या झाडाला मानवत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

मातीचा सामू, म्हणजे पीएच, ४.५ ते ५.५ हवा. आपली भाजी ६ ते ७ वर खूश असते. सामू ६ च्या पुढे गेला की मातीत लोह असूनही ब्लूबेरीच्या मुळांना ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चित्र ओळखून ठेवा, वर्षभर तेच सगळ्यात कामी येतं.

मुळंही वेगळी आहेत. ती केसासारखी बारीक, वरच्या फूटभर थरातच पसरणारी, आणि बहुतेक झाडांच्या मुळांवर जी सूक्ष्म लव असते ती यांना नसते. त्यामुळे कोरडं पडलेलं आणि तुंबलेलं, दोन्ही यांना सोसत नाही. जंगलात एक खास बुरशी यांच्या मुळांत राहून अन्न मिळवून देते. नर्सरीत 'मायकोरायझा' किंवा 'व्हॅम' नावाने जी पुडी मिळते ती बुरशी वेगळी, ती ब्लूबेरीच्या मुळांत बसत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

मुंबईत थंडी कुठे आहे?

हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि तो रास्त आहे. ब्लूबेरीच्या कळ्यांना फुलण्याआधी थंडीचे ठरावीक तास लागतात. ते साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालचे तास म्हणून मोजतात. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जातींना असे ८०० ते १००० तास हवे असतात. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी नोंदलेलं तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं. म्हणजे त्या हिशोबाने आपल्याकडे एकही तास भरत नाही. ब्लूक्रॉप, ड्यूक यांसारख्या जाती इथे आणल्या तर पानं येतील, फूल जवळजवळ येणार नाही.

पण फ्लोरिडासारख्या उष्ण भागासाठी तिथल्या सदाहरित रानटी ब्लूबेरीशी संकर करून ज्या जाती तयार केल्या, त्यांना 'सदर्न हायबुश' म्हणतात. त्यांचं काम १५० ते ३०० तासांत भागतं, आणि त्यांतल्या काही जाती थंडी जवळजवळ नसतानाही, पानं न गाळता, दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात. मेक्सिको आणि पेरूमध्ये याच पद्धतीने मोठी शेती चालते. आपल्याला हव्या त्या याच जाती: बिलॉक्सी, शार्पब्लू, मिस्टी, आणि कुंडीसाठी बुटकी सनशाइन ब्लू. एमरल्ड किंवा ज्युएल मिळाली तरी हरकत नाही. एकच घ्यायची तर मी बिलॉक्सी म्हणेन. दोन घेता आल्या तर दोन वेगळ्या जाती घ्या. या जाती एकट्यानेही फळ धरतात, पण दुसरीचे परागकण मिळाले की फळ मोठं होतं.

कुंडीत बर्फाचे तुकडे घालण्याचा सल्ला ऐकला असेल तर सोडून द्या. थंडी मोजतात त्या फांद्यांवरच्या कळ्या. बर्फाने नुसती मुळं दुखावतात. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री उघड्या आकाशाखाली ठेवा. दिवसभर तापलेल्या भिंतीशेजारी रात्रीही हवा गरम राहते. बोरिवली, मुलुंड, पवई या बाजूला रात्री कुलाबा-वरळीपेक्षा गार असतात, तेवढा फायदा आम्हाला मिळतो.

रोप घेताना

बियांची पाकिटं घेऊ नका. ब्लूबेरीच्या बीला आधी बरेच आठवडे शीतकपाटातली थंडी द्यावी लागते, रोप फळायला वर्षं लागतात, आणि त्याचं फळ आईसारखं निघेल याची खात्री नसते. रोप फाटे कलमाचं किंवा टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं), आणि जातीचं नाव लिहिलेलं हवं. नुसतं 'ब्लूबेरी प्लांट' लिहिलेलं असेल तर विचारा. विक्रेत्याला जात सांगता येत नसेल तर मी घेत नाही. ऑनलाइन मागवलेलं माझं एक रोप सहा महिन्यांनी भलतंच झाड निघालं होतं. खऱ्या ब्लूबेरीची पानं लहान, लंबगोल, जरा जाडसर आणि गुळगुळीत असतात, कोवळ्या फांद्या हिरव्या किंवा तांबूस, आणि काटा कुठेही नसतो.

वर्ष-दीड वर्षाचं, फूट-सव्वा फुटाचं, बुंध्यापासून दोन-तीन फांद्या फुटलेलं रोप घ्या. फळं लगडलेलं उंच रोप मोहात पाडतं, पण प्रवासात त्याचे हाल होतात. कुरियरने आलेलं रोप उघडल्यावर आठवडाभर सावलीत, आहे त्याच पिशवीत राहू द्या.

जागा आणि कुंडी

रोज किमान सहा तास ऊन, आणि त्यातलं जास्तीत जास्त सकाळचं. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या बाल्कनीत मार्च ते मे दुपारची भिंत तापते, तिथे आडोसा करावाच लागेल. उत्तरेच्या खिडकीत लावू नका, फूल येणार नाही.

सोसायटीच्या आवारात जमिनीत लावायचा विचार असेल तर एक चाचणी करा. मूठभर माती घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. फेस आला तर तिथे चुना आहे. मुंबईतल्या आवारांची माती बहुतेकदा भरावाची असते, त्यात विटा, प्लॅस्टर, सिमेंटचं डेब्रिज मिसळलेलं असतं. अशा जमिनीचा सामू कितीही प्रयत्न केले तरी खाली राहत नाही. आमच्या आवारातली माती तर दुधासारखी फसफसली. म्हणून माझा सल्ला सरळ कुंडीचा आहे, आणि कुंडीही सिमेंटची नको. तिच्यातूनही चुना पाझरतो.

पहिल्या वर्षी १२ इंची, साधारण २० लिटरची कुंडी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १६ इंची, ४० लिटरच्या आसपास. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. मी कापडी ग्रो बॅग वापरते, कारण तिच्यातून पाणी चारी बाजूंनी निथळतं आणि मुळांना हवा लागते. उन्हाळ्यात ती लवकर सुकते हा तिचा दोष. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाहेरून पांढरं कापड गुंडाळा, नाहीतर एप्रिलमध्ये कडेची मुळं भाजतात.

४० लिटरची कुंडी भिजल्यावर ३० किलोच्या पुढे जाते. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ती ठेवू नका, खाली माणसं चालतात. गच्चीवर ठेवायची तर सोसायटीची परवानगी घ्या, कुंड्या भिंतीच्या कडेने किंवा खाली बीम असेल तिथे ठेवा, आणि विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवा म्हणजे वॉटरप्रूफिंगही शाबूत राहतं.

माती, म्हणजे खरं तर माती नाहीच

नर्सरीतली लाल माती थोडी आम्लधर्मी असते, म्हणून मीही आधी तीच वापरली होती. पण कुंडीत ती पावसाने चिकट होऊन बसते आणि बारीक मुळं गुदमरतात. आता माझ्या मिश्रणात माती अजिबात नसते. २० लिटरच्या कुंडीसाठी माझं माप असं:

- पीट मॉस (दलदलीतलं कुजकं शेवाळ) ८ लिटर
- पाइनच्या सालीचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे ६ लिटर
- धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) ४ लिटर
- परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) २ लिटर
- गंधकाची भुकटी ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा

पीट मॉसचा सामू मुळातच ४ च्या आसपास असतो, म्हणून ते सगळ्यात उपयोगी. ते महाग आहे, आणि दलदलीत हजारो वर्षांत साठलेलं असतं हेही मला विसरता येत नाही. म्हणून तिसऱ्या झाडाला मी पीट मॉस न वापरता साल आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घातलं. ते झाडही चांगलं आहे, फक्त त्याच्या पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

कोकोपीट धुणं टाळू नका. त्यात मीठ असतं आणि ब्लूबेरीला मीठ सोसत नाही. कोकोपीटची वीट बादलीत फुलवा, जुन्या ओढणीत किंवा गोणपाटात बांधून तीन वेळा स्वच्छ पाण्याने पिळा. पीट मॉस कोरडं असताना पाणी झिडकारतं, ते कोमट पाण्यात हाताने मळून घ्या. सालीच्या ऐवजी भाताचं तूस एखाद्या लिटरपुरतं चालतं, जास्त घातलं तर कुजून खाली बसतं.

गंधकाचं काम जिवाणू करतात. ते त्याचं हळूहळू आम्ल बनवतात आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. दर आठवड्याला चमचा-चमचा गंधक घालू नका, दोन महिन्यांनी सगळा परिणाम एकदम येतो आणि मुळं जळतात.

काही गोष्टी या कुंडीपासून लांब ठेवा: शेणखत, गांडूळखत, राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, चुना. घरातली माणसं प्रेमाने आणून घालतात, म्हणून मी कुंडीवर पाटीच लावली आहे. उरलेली चहापत्तीसुद्धा नको. ती वाटते तेवढी आंबट नसते आणि दूधसाखरेने मुंग्या येतात. तुरटीचा सल्लाही बरेच जण देतात. तिने सामू खाली येतो, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम ब्लूबेरीच्या मुळांना बाधतं. सामू मोजायला दोन टोचे असलेलं स्वस्त मीटर भरवशाचं नाही. मिश्रण एक वाटी, पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर दोन वाट्या, अर्धा तास भिजवून गाळा आणि त्या पाण्यात पीएचची पट्टी किंवा पेनासारखं पीएच मीटर बुडवा.

लावण्याचा दिवस

मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि मग ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. तो सरला की, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. रोपाला सात महिने मिळतात, पहिला पाऊस ते मुळं धरलेल्या अवस्थेत पाहतं.

संध्याकाळी लावा. रोप पिशवीसकट बादलीत दहा मिनिटं बुडवा. बुडबुडे थांबले की काढा आणि पिशवी कापा, ओढू नका. मुळांचा गोळा घट्ट गोल फिरलेला असेल तर बाजूंनी बोटांनी सैल करा. ही मुळं आपणहून गोळ्याबाहेर पडत नाहीत. माझ्या पहिल्या झाडाचा गोळा आठ महिन्यांनी काढला तेव्हा आला तसाच होता. कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देऊ नका, त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी मिश्रणात वरती अडून राहतं. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच, किंवा बोटभर वर ठेवा. मिश्रण हाताने हलकं बसवा, पायाने किंवा मुठीने ठोकू नका. पाणी द्या आणि वर दोन इंच पाइनच्या सालीचं किंवा सुक्या पानांचं आच्छादन पसरा, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून.

आणि मग अवघड काम: रोपावर कळ्या असतील तर सगळ्या खुडा. पहिल्या हिवाळ्यात एकही फळ धरू देऊ नका. मी ते केलं नाही त्या झाडाने सात फळं दिली आणि पुढचं वर्षभर वाढलंच नाही.

पाणी

मुंबईच्या नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, म्हणजे साठवलेलं पावसाचंच. ते बोअरवेलच्या मानाने गोडं असतं, त्यामुळे आपण पुण्या-नगरच्या बागवाल्यांपेक्षा नशीबवान आहोत. तरी त्याचा सामू ७ च्या आसपास किंवा वर असतो आणि वर्षभरात कुंडीचा सामू तो हळूहळू चढवतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर ते ब्लूबेरीला सरळ देऊ नका.

उपाय स्वयंपाकघरात आहे. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, १० लिटरच्या बादलीला साधारण १ ग्रॅम, म्हणजे पाव लहान चमचा. किंवा पांढरं व्हिनेगर १० ते १५ मिली. ढवळा, पट्टीने मोजा, ५ ते ५.५ दिसलं की थांबा. एकदा तुमच्या पाण्याचं माप बसलं की रोज मोजायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे. टँकरच्या पाण्याला तिप्पट-चौपटही लागू शकतं, म्हणून माझं माप डोळे झाकून घेऊ नका.

किती द्यायचं? हिवाळ्यात एक दिवसाआड, मार्चपासून रोज, आणि मे महिन्यात कापडी बॅगेला सकाळ-संध्याकाळ. बोट दोन पेरं आत घाला. गार आणि ओलसर लागलं पाहिजे, पण पिळलं तर पाणी गळता कामा नये. बशी ठेवू नका. बशीतलं पाणी मुळं कुजवतं आणि डेंग्यूच्या डासांनाही तेच स्वच्छ साचलेलं पाणी हवं असतं.

खत

ब्लूबेरीला नत्र हवं ते अमोनियम रूपातलं. नायट्रेट तिला नीट वापरता येत नाही. म्हणून मुख्य खत अमोनियम सल्फेट. ते सामूही खाली ठेवतं. नव्या रोपाला दीड महिन्यानंतर सुरुवात करा: ५ लिटर पाण्यात २ ग्रॅम, त्यातलं लिटर-दीड लिटर कुंडीला, तीन-चार आठवड्यांनी एकदा. मोठ्या झाडाला तेच पाणी तीन-चार लिटर. आधी साधं पाणी, मग खताचं, कोरड्या कुंडीत कधीच नाही.

द्राक्षबागायतदार ज्याला 'बारा एकसष्ट शून्य' म्हणतात ते खत, म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, कळ्या धरण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक-दोनदा चिमूटभर, आणि फळ भरताना 'शून्य शून्य पन्नास', म्हणजे पोटॅशियम सल्फेट, असंच कमी मापात. 'तेरा शून्य पंचेचाळीस' नायट्रेटचं, ते नको. म्युरिएट ऑफ पोटॅशही नको, त्यातलं क्लोराइड बाधतं.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या झाल्या तर खत वाढवू नका. आधी सामू मोजा. बहुतेकदा तो ६ च्या वर गेलेला असतो. आंबट पाण्याने कुंडी दोनदा पूर्ण धुऊन काढा आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या मापाने एकदा द्या. नवी पानं तीन आठवड्यांत हिरवी येतात. जुनी सुधारत नाहीत, त्यांची वाट पाहू नका. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या तर उलट समजा: मीठ किंवा खत जास्त झालंय.

फूल, भुंगा आणि फळ

दिवाळीनंतर फांद्यांची टोकं बघा. टोकदार बारीक कळी पानाची, फुगीर गोल कळी फुलाची. डिसेंबर ते फेब्रुवारी पांढरी, किंचित गुलाबी, उलट्या घंटेसारखी फुलं येतात, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. या फुलातले परागकण मिठाच्या डबीसारखे छोट्या भोकांतून बाहेर पडतात, फूल थरथरलं तरच. गुणगुणत फूल हलवणाऱ्या माश्या हे काम करतात. आपल्याकडे पोटावर निळसर पट्टे असलेली एक चपळ माशी आहे, ती करते. तुळस आणि सब्जा शेजारी फुलू दिला की ती येते. मोठा काळा भुंगा येतो तो बहुधा फुलाला बाजूने चीर पाडून मध पिऊन जातो. त्याला हाकलू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा बाराव्या मजल्यावर माशी येत नसेल तर बॅटरीवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठाला सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान दोन-तीन सेकंद टेकवा. एका झाडानंतर दुसऱ्या झाडाला, तीन दिवस.

फूल ते फळ दोन ते अडीच महिने. फळ निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. देठाकडे लालसर कडा असेपर्यंत ते आंबट असतं, आणि तोडल्यावर ते गोड होत नाही. पूर्ण निळं झाल्यावर आणखी चार-पाच दिवस थांबा, अंगठ्याने हलकं लोटलं की हातात येतं ते खरं पिकलेलं. तेवढ्या दिवसांत बुलबुल आणि खारी पाळतीवर असतात. बारीक छिद्रांची जाळी बांबूच्या काठ्यांवर ताणून लावा. सैल लोंबती जाळी नको, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चच्या मध्यापासून दुपारच्या बाजूने ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. सकाळचं ऊन मात्र येऊ द्या. आच्छादन तीन इंच करा. उन्हाने पानांखाली लाल कोळी झाली तर सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा पुरतो. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरला ५ मिली नीमतेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या शोधाच, त्या त्याच्यासाठीच चढतात.

एप्रिलअखेर फळं संपली की छाटणी. मेलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. चौथ्या वर्षापासून सर्वांत जुन्या जाड फांद्यांपैकी एखादी दरवर्षी जमिनीलगत कापा, तिथून नवे धुमारे येतात. बाकीच्यांची टोकं तिसऱ्या हिश्शाइतकी कमी करा. जून-जुलैच्या नव्या फुटीवरच पुढच्या हिवाळ्यात फुलं येणार असतात, म्हणून ऑगस्टनंतर कात्री लावू नका.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच. मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिमीपेक्षा जास्त पडतो. पावसाचं पाणी स्वतः या झाडाला अमृत आहे, गोडं आणि किंचित आंबट. मारक आहे ते सलग चार-पाच दिवस कुंडी चिंब राहणं, कारण तेव्हा मुळांना फायटोफ्थोरा नावाची कूज लागते. फांद्या वाळतात, पानं तांबूस होतात, पाणी भरपूर असून झाड तहानलेलं दिसतं. मुळं काळी पडून साल सुटत असेल तर झाड वाचत नाही. ते मिश्रणासकट टाका आणि कुंडी धुऊन उन्हात तापवा.

म्हणून कुंडी दोन विटांवर उचला, भोकं मोकळी आहेत ना ते तारेने तपासा, आणि मुसळधार पावसाचा इशारा आला की पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर वर ओढता येईल असं बांधून ठेवा. चारही बाजू उघड्या, नाहीतर आत कोंदट होऊन पानांवर तांबेरा येतो. ठिपकेदार पानं गोळा करून कचऱ्यात द्या, कुंडीत पडू देऊ नका. पावसाळ्यात मी खत निम्मं करते. छपराचं पाणी घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये साठवते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच वापरते. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावरून वाहून आलेलं पाणी मात्र साठवू नका.

छाटलेल्या फांद्यांतल्या सगळ्या मी फेकत नाही. पेन्सिलीहून बारीक, अर्धवट कडक झालेली वीतभर फांदी घ्यायची, वरची दोन पानं ठेवून खालची काढायची, ओल्या पीट मॉस आणि परलाइटमध्ये दोन इंच खोचायची आणि वर कापलेली पाण्याची बाटली उपडी ठेवायची. जूनच्या दमट हवेत दोन महिन्यांत मुळं धरतात, दहातली चार-पाच. तळमजल्यावरच्या काकूंना गेल्या वर्षी एक रोप दिलं, तेव्हा सोबत पीएचच्या पट्ट्या आणि लिंबूफुलाची पुडीही दिली. नोव्हेंबरपर्यंत ते सहा इंची कुंडीत, खिडकीत, सकाळच्या उन्हात होतं. मग त्यांनी ते मोठ्या कुंडीत लावलं आणि मला खाली बोलावून त्याच्या पहिल्या चार कळ्या माझ्यासमोर खुडल्या.